बेरीचा काटा रेवाला मिळणार नाही

...नाही ताई, तो वजनकाटा तुझ्या रेवाला मिळणार नाही. काल फोनवर तू म्हणालीस, "पडूनच आहे ना तुझ्याकडे? मग येताना घेऊन ये की. रेवा दहाची झाली, आता लक्ष ठेवायला हवं." मी तेव्हा विषय बदलला. आता नीट लिहूनच देते, म्हणजे माझ्या मागे कुणाला तो विषय बदलता येणार नाही.

मी, शर्वरी मोहन खांबेटे, वय एकोणतीस, राहणार जोएन्सू, फिनलंड, हे लिहून ठेवते. माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे, बिघडलंय ते फक्त पित्ताशय. ते सोमवारी काढणार. ऑपरेशन छोटं आहे, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, तेव्हा आईला घाबरवू नकोस. पण माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांची मृत्युपत्रं तयार आहेत, पंचविशीतल्या पोरांचीसुद्धा, आणि नवीन काही करायचं म्हटलं की मी कशी सुटते ते तुला माहितीय. कायद्यासाठी एका पानाची फिनिश प्रत वेगळी केलीय. ही मराठी प्रत तुम्हा दोघींसाठी. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आईचं. तिने ते स्वतःवर उडवावं. पडद्यांवर नाही.

कलम २. माझे स्की, आणि बेरी तोडायचा तो फणीसारख्या दातांचा लाल डबा, हे रेवाला. ती इथे येईल तेव्हा. जंगलात बेरी कुणीही तोडू शकतं, कुणाला विचारावं लागत नाही, हे तिला आधी दोनदा सांगावं लागेल. मलाही सांगावं लागलं होतं.

कलम ३. शालनआत्याला मी काहीही ठेवत नाही. चौदाव्या वाढदिवसाला तिने मला हा वजनकाटा दिला. चमकी कागद, वर गुलाबी रिबन. सगळ्यांसमोर उघडायला लावला आणि म्हणाली, "चढ बघू, उद्घाटन कर!" मी चढले. बावन्न. "अगंबाई," आत्या म्हणाली, आणि माझ्या बशीतला केक सुरीने अर्धा केला. दुसरा अर्धा कुणी खाल्ला हे मला अजून आठवतं. तिनेच.

त्यानंतर अकरा वर्षं, रोज सकाळी, ब्रश करायच्या आधी, काटा. आज कुठला ड्रेस, पोहे किती, कुणाच्या फोटोत मागे उभं राहायचं, सगळं तो लाल काटा ठरवायचा. इथे शिकायला निघाले तेव्हा बॅग तेवीस किलोच्या वर गेली, म्हणून मी लोणच्याची बरणी काढली आणि वजनकाटा आत ठेवला. आई, बरणी सोफ्यामागे मीच लपवली होती. सॉरी.

कलम ४. माझी गुरुवारची खुंटी.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक सौना आहे. गुरुवारी पाच ते साडेसहा बायकांची वेळ. पहिल्या गुरुवारी मी पोहण्याचा ड्रेस घालून, वर टॉवेल घट्ट लपेटून गेले. आत वाफेत सात-आठ बायका, वीस वर्षांपासून ऐंशीपर्यंतच्या, अंगावर काही म्हणजे काही नाही. वरच्या फळीवर हिल्का बसली होती, वय एकोणऐंशी, तळमजल्यावर राहणारी. एक छाती ऑपरेशनमध्ये गेलेली, पोटावर तीन बाळंतपणांच्या घड्या, आणि बसली होती अशी, जशी आपली माणसं जेवण झाल्यावर अंगणात बसतात.

"पोहायला आलीस का गं?" तिने विचारलं. "तळं तिकडे आहे, दोन किलोमीटर."

सगळ्या हसल्या.

"मला सवय नाही," मी म्हटलं.

"कसली? अंगाची? ते तर जन्मापासून आहे तुझ्याजवळ. काढ तो ड्रेस, गरम होऊन चिकटेल. आणि दार लाव, वाफ जातेय!"

काढला. आणि ताई, कुणी बघितलंच नाही! इतक्या बायकांनी मिळून इतकं न बघणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हिल्काने गरम दगडांवर पाणी ओतलं, मला शेजारी सरकून जागा दिली आणि कोबी महाग झाल्याबद्दल बोलायला लागली.

तिला मी एकदा आजी अशी हाक मारली. म्हणाली, "मला नाव आहे." इथे तसंच असतं. पण कपडे अडकवायला खिडकीजवळची दुसरी खुंटी तिची होती, आणि ती गेल्यावर न ठरवता सगळ्यांनी ती मला दिली. ती खुंटी मी ठेवते त्या मुलीसाठी, जी पुढे कधीतरी या बिल्डिंगमध्ये राहायला येईल आणि पहिल्या गुरुवारी पोहण्याचा ड्रेस घालून आत शिरेल. तिला हसायला हरकत नाही. पण जागा द्यावी.

कलम ५. काटा. हे नीट वाच.

एका सप्टेंबरात हिल्का दारात उभी. "तुझ्याकडे काटा आहे म्हणे?"

"कशाला हवाय?"

"बेरी तोलायला. माझा बिघडला. अंदाजाने साखर घातली तर जॅम पाण्यासारखा होतो."

"कधी परत देशील?"

"बेरी संपल्या की."

तीन सकाळी मी बाथरूममध्ये नुसतीच उभी राहिले, फरशीवर. त्या फरशीवर काट्याचा चौकोन पांढरा उठून दिसायचा. चौथ्या दिवशी मागायला खाली गेले. काटा तिच्या स्वयंपाकघरात, वर लालभडक बेरींची बादली.

"मला फक्त एक मिनिट चढायचंय," मी म्हटलं.

हिल्काने माझ्याकडे बघितलं. तेवढं एकदाच बघितलं. "चढ की. बादली उतरवते. पण मग माझे हात अडकणार, तोवर जॅम तू हलव. तळाला लागला तर तुला सोडणार नाही."

मी चमचा घेतला. मग बाटल्या धुतल्या. मग राय नावाच्या धान्याच्या गरम पावावर तो आंबट जॅम, चार तुकडे, पूर्ण तुकडे. वर घरी आल्यावर लक्षात आलं की चढायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी हिल्का मला जंगलात घेऊन गेली. बर्फ पडला तेव्हा आठवलं की काटा अजून तिच्याकडेच आहे.

एकदम जादू वगैरे झाली नाही, हां. बरेच दिवस बसस्टॉपच्या काचेत पोट आत ओढून बघायचे. पण आकडाच नव्हता, तर किती ओढायचं तेही कळेना. शेवटी कंटाळले. त्याच हिवाळ्यात मी पहिल्यांदा पोट सोडून हसले असेन.

दोन वर्षांपूर्वी हिल्का गेली. तिच्या मुलाने काटा आणून दिला. वर चिकटपट्टी, तिचं अक्षर: "शर्वरीचा. बेरी संपल्या." ती पट्टी मी काढलेली नाही. काचेच्या आत रस गेलाय, साठपासून सत्तरपर्यंतचे आकडे लाल डागाखाली गेलेत.

म्हणून: हा काटा तळघरातल्या बेरीच्या फडताळात राहील. बिल्डिंगमधल्या कुणीही बादली तोलावी. माणूस तोलू नये. आणि रेवा, तू हे वाचशील तेव्हा मोठी असशील. मावशीने तुझ्या वाट्याचं काही काढून घेतलेलं नाही. फक्त चमकी कागद वाटेत अडवला.

लिहून देणार: शर्वरी मोहन खांबेटे
स्थळ: सौनाबाहेरची कपडे बदलायची खोली, जोएन्सू
तारीख: गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार दोघी, एकाच वेळी समोर हजर, दोघीही टॉवेलमध्ये. मजकूर त्यांना वाचता येत नाही, तशी गरजही नाही.

"मला काय ठेवलंस?" पहिल्या मजल्यावरच्या सिनिक्काने विचारलं.

"साक्षीदाराला काही ठेवता येत नाही."

"मग दुसरी कुणी शोध. मला तो लाल डबा हवा होता!"

"सही कर गं," आउती म्हणाली, "थंडी वाजतेय."

सह्या: सिनिक्का, आउती (हिची थोडी पसरली, केस ओले होते)

ता.क. सकाळी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "वजन किती?" मी म्हटलं, माहीत नाही. "अंदाजे?" चार वर्षांत मोजलंच नाही म्हटलं. तर म्हणाली, "काही हरकत नाही, भुलीच्या औषधासाठी लागतं, सोमवारी इथेच बघू." तेव्हापासून पोट परत आत ओढलं जातंय, माझ्या नकळत. आउती म्हणते, काट्यावर पाठ करून उभी राहा आणि नर्सला सांग, आकडा मोठ्याने बोलू नकोस. सिनिक्का म्हणते, सरळ बघ, नाहीतर तो अजून तुझ्यावर बसलेलाच आहे. हिल्का असती तर मला आधी जॅम हलवायला लावला असता. आणि तिथल्या काट्यावर बेरीचा डाग नसणार. ताई, आई, हे जे कुणी वाचत असेल त्यांनी खरं सांगा: तुम्ही असता तर बघितलं असतं का?