अकरा सेकंदांची क्लिप

रवि. ८ जून

बास्केटबॉल पंचांच्या उजळणी वर्गाचा पहिला दिवस. साडेपाचची एसटी पकडून जळगाव. वर्ग साडेआठला म्हणाले होते, सुरू झाला दहाला. आधी नारळ, हार, सत्काराला उत्तर, उत्तराला आभार. चाळीसेक पुरुष, बाया तीन. बाकीच्या दोघी टेबलावर बसून स्कोअरशीट भरणाऱ्या. कोर्टावर शिट्टी घेऊन पळणारी मी एकटी. बायकांच्या बाथरूमला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. गेल्या वर्षी पण हेच.

शिकवायला निकम सर. बारा वर्षांपूर्वी मला शिट्टी धरायला त्यांनीच शिकवलं. आज जेवढ्यास तेवढं बोलले.

चहाला महाजन भाऊ जवळ आले. संघटनेचे सचिव आहेत, त्यामुळे ते जवळ आले की बाकीचे लांब होतात. "ताई, शेवटच्या रविवारी चुकलेल्या निर्णयांच्या क्लिपा दाखवू. तुमची पण आहे एक." हसत म्हणाले. मीही हसले. येताना पारोळ्यापर्यंत दात आवळून बसले होते, हे जबडा दुखायला लागल्यावर कळलं.

सोम. ९ जून

एकदाचं लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

डिसेंबर. पुरुषांची फायनल, धुळ्यात. जळगाव एका गुणाने पुढे. लाइट गेलेली, बझर बंद, म्हणून वेळ संपल्याची खूण टेबलावरचा शकील शिट्टीने देणार असं ठरलेलं. शेवटचे दोन सेकंद. धुळ्याचा पोरगा रिंगखाली उडाला, जळगावच्या पाच नंबरने खांद्यावर ढकलला, पोरगा गुडघ्यांवर आपटला. मी फाऊल दिला. दोन्ही फ्री थ्रो आत. धुळे एका गुणाने जिंकलं.

जळगावचा संघ महाजन भाऊंचा. आणि मी धुळ्याची. पुढचं लिहायला नको. "धुळ्याच्या बाईने धुळ्याला कप दिला" हे वाक्य मी आमच्या शाळेच्या शिपायाकडूनसुद्धा ऐकलंय.

त्यांचं म्हणणं, शकीलची शिट्टी आधी वाजली, खेळ संपला होता. माझं म्हणणं, माझी आधी वाजली. सहा महिने हेच सांगत आलेय. शपथेवर सांगायला तयार होते.

गुरु. १२ जून

म. भाऊंचा फोन. आवाजात साखर. "वर्गात उभं राहून 'माझी चूक झाली' म्हणा आणि दोन ओळींचा कागद द्या. फायलीला लागतो. दोन शब्दांनी काय झिजणार आहे, ताई? पंचांच्या पॅनेलवर तुमचं नाव आहेच."

नाही म्हटलं तर?

"टेबलाला पण चांगली माणसं लागतात."

म्हणजे कोर्ट गेलं. पुरुषांच्या मॅचेस मिळवायला मला नऊ वर्षं लागली. नऊ वर्षं लहान मुलींच्या मॅचेस, ऊन बारा वाजताचं. आणि आता खुर्चीत बसून दुसऱ्यांनी दिलेले फाऊल लिहायचे. नाही जमणार.

अविनाशला सांगितलं. म्हणाला, बोलून टाक ना सॉरी, मला तर रोज म्हणायला लावतेस. नवऱ्याला विनोद कधी सुचावा याला काही नियम नाही.

शुक्र. १३ जून

क्लिप मिळाली. अकरा सेकंद. कोणीतरी मोबाइलवर काढलेली. दुपारी स्वयंपाकघरात कानात इअरफोन घालून ऐकली. वीस वेळा तरी.

दोन शिट्ट्या आहेत. त्यांच्यामध्ये अर्धा सेकंद. पहिली फुर्रर अशी थरथरते. आत दाणा असलेली, पत्र्याची. दुसरी सरळ आणि टोकदार. माझी प्लास्टिकची आहे, बिनदाण्याची.

पहिली शकीलची आहे. माझी दुसरी.

सहा महिने मी खोटं बोलत होते. खोटं म्हणून नाही, पण खोटंच. लाज वाटली. कोणी समोर नव्हतं तरी कान गरम झाले.

नाना दारात उभे. सासरे, शिंदखेड्याचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले. "काय व्हयनं, पोरी? भाजी जळी ऱ्हायनी."

गवार जळाली होती. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या पोऱ्याले धक्का लागना का नही?"

लागला.

"पहिले लागना ना? मंग तुनी शिट्टी मांगून वाजनी ते वाजनी. पोऱ्या तं पहिलेच पडना ना."

ताट पुढे ओढून जळकी भाजी खाल्ली त्यांनी. नाव ठेवलं नाही.

शनि. १४ जून

नियमपुस्तक काढलं. नाना बरोबर आहेत. शिट्टी कधी वाजली हे कोणी विचारलेलंच नाही. धक्का वेळेत लागला का, एवढंच. आणि हे मला पाठ आहे. परीक्षेत दरवर्षी लिहिते. पण सगळे शिट्टी-शिट्टी करत होते म्हणून मीही शिट्टीवरच भांडत बसले. बावळटपणा माझा.

मग क्लिप आवाज बंद करून पाहिली. थांबवत, थांबवत. चौथ्या सेकंदाला पोरगा दोन्ही गुडघ्यांवर खाली आहे. डाव्या कोपऱ्यात टेबल. शकीलची शिट्टी अजून हातात. ओठांपर्यंत गेलेली नाही.

उठून चहा केला. दोनदा साखर घातली.

रवि. १५ जून

धावण्याची चाचणी. टेपवर बीप वाजतो, त्याच्या आत पलीकडच्या रेषेला पोचायचं. बावीस वर्षांची पोरं सकाळी कचोऱ्या खाऊन आलेली, ती कडेला बसून ओकत होती. मी पूर्ण केली. एकोणचाळीस वय. पाय अजून थरथरतायत, वही मांडीवर, अक्षर त्यामुळे असं.

शकील भेटला. चाळीसगावचा, शाळेत क्लार्क, सरळ माणूस. त्याला विचारलं, पोरगा कधी पडला? "ताई, मी काय सांगू. मला घड्याळ दिसत होतं, पोरगा नाही."

सोम. १६ जून

शाळा उघडली. क्रीडासाहित्याच्या खोलीत उंदरांनी तीन नेट खाल्लेत. बाकी ठीक.

रवि. २२ जून

निकम सरांचा तास. शिट्टी आणि वर जाणारा हात एकाच क्षणी. रांगेत उभं करून पन्नास वेळा करून घेतलं. माझ्याजवळ थांबले. "उशीर होतोय तुझा."

मी म्हटलं, सर, "आधी पूर्ण बघ, मग फुंक" हे तुम्हीच शिकवलंत.

ते पुढच्याकडे गेले. मला वाईट वाटलं, आणि राग पण आला. दोन्ही त्यांच्याचबद्दल. डिसेंबरमध्ये प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत होते ते. सहा महिन्यांत एक फोन नाही.

पण उशीर होतो हे खरं. उद्यापासून गच्चीवर सराव. शेजारच्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

गुरु. २६ जून

शेजारचे म्हणाले. मी वाजवली.

रवि. २९ जून

आज.

पडदा लावला. माझी क्लिप शेवटची, म्हणजे लोकांना जेवायला जाताना चघळायला. दोन शिट्ट्या वाजल्या. मागे कोणीतरी खिदळलं. म. भाऊ म्हणाले, "बोला ताई."

उभी राहिले. आवाज चांगला लागला. म्हटलं, पहिली शिट्टी शकीलची. दुसरी माझी. सहा महिने मी उलटं सांगितलं, ते चुकलं. माझी शिट्टी उशिरा वाजली.

म. भाऊंचा चेहरा असा खुलला की वाटलं आता टाळ्या वाजवतात.

मग म्हटलं, आता आवाज बंद करा आणि चौथ्या सेकंदाला थांबवा.

लॅपटॉपवाल्याने भाऊंकडे पाहिलं. मी लॅपटॉपवाल्याकडे पाहिलं. थांबवलं त्याने.

पोरगा गुडघ्यांवर. शकीलची शिट्टी हातात. म्हटलं, शिट्टी नंतर, फाऊल आधी. निर्णय बरोबर होता. आजही तोच देईन.

भाऊंनी शकीलला उठवलं. "तू सांग. वेळ संपली होती ना?"

"मी शिट्टी वाजवली तेव्हा संपली होती," शकील म्हणाला. "पोरगा त्याआधी पडला की नंतर, मला माहीत नाही. मी घड्याळाकडे बघत होतो." आणि खाली बसला. त्यालाही उद्या याच लोकांकडून मॅचेस घ्यायच्यात. विसरणार नाही मी.

"बरं," भाऊ म्हणाले, "शिट्टी उशिरा हे कबूल ना? मग तेवढंच लिहून द्या."

तिथेच बाकावर लिहिलं.

शिट्टी उशिरा वाजवली, ही माझी चूक.
फाऊल वेळेत झाला होता, निर्णय बरोबर होता.

त्यांनी वाचलं. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काढा."

नाही काढत.

जेवणात शेवभाजी होती. माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही, शकील सोडून. नंतर पाण्याच्या टाकीपाशी हात धुताना निकम सर शेजारी आले. नळाकडे बघत म्हणाले, "दुसरी ओळ खोडू नकोस." मी म्हटलं, सर, हे आत बोलायचं होतं. रुमालाला हात पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "हो."

एवढंच. त्यांच्या पाया पडायची सवय आहे. आज नाही पडले.

बुध. २ जुलै

पॅनेलची यादी आज ग्रुपवर येणार होती. आली नाही. चोपड्याची एक मुलगी, यंदा नवीन, तिचा मेसेज: "ताई, तुम्ही नसाल तर मी पण टेबललाच नाव देते." तिला लिहिलं, गाढवपणा करू नको. मग लिहिलं, पळायची तयारी ठेव.

संध्याकाळी रडले थोडी. रागानेच. घाबरले पण आहे, ते कुठे लपवू. नऊ वर्षं आहेत ती.

शुक्र. ४ जुलै

म. भाऊंचा मेसेज. "यादी तुमच्यामुळे थांबली आहे. आज पाचपर्यंत नवीन कागद पाठवा. फक्त पहिली ओळ."

अविनाश म्हणाला, तुला काय हवंय? कोर्ट हवंय ना? मी म्हटलं, हो, फार हवंय. मग तो उठला. जाऊन माझे बूट पुसायला घेतले. न सांगता.

नानांना वाचून दाखवलं. चष्मा काढून म्हणाले, "कागद मांगा ना त्यासनी? दे मंग कागद."

मुलीच्या वहीतून कोरा कागद फाडला. समास आखला. दोन्ही ओळी परत लिहिल्या. पहिली होती तशीच. दुसरीचं अक्षर जरा मोठं काढलं. खाली पूर्ण नाव, तारीख, सही. फोटो काढून पाठवला.

चार वाजून चाळीस. दोन निळ्या टिका आल्या.

सव्वासहा. उत्तर नाही. गच्चीवर जाते, आजच्या पन्नास शिट्ट्या राहिल्यात.