नगरपालिकेच्या डबीत सापडलेला आत्याचा आवाज

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त उभ्यानेच घालतो. कंबर सुटली की राहिलेला पूर्ण करीन.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघ्यांचं विचारतो, रक्तदाबाचं विचारतो, पण सगळ्यात काळजीने विचारतो ते घशाचं. गार पाणी पिऊ नकोस. घसा जप. का, ते पुढे कळेल.

माझं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच फडताळात टाकशील या भीतीने पाकिटावरचा पत्ता तुझ्या भाचेसुनेकडून लिहून घेतला आहे. तू रागावून गेलीस हे मी विसरलेलो नाही. पण हे पत्र माफीचं नाही, निव्वळ आभाराचं आहे. आज आपल्या गल्लीत घराघरांत दुहेरी काचांच्या खिडक्या बसल्या आहेत आणि दुपारची विमानं पाणथळावरून वळसा घालून जातात, ते केवळ तुझ्यामुळे. थट्टा करत नाही. खिडक्या बसवणाऱ्या मिस्त्रीनेसुद्धा तुला नमस्कार सांगितला आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊकच आहे की विमान आलं की आपली अख्खी गल्ली वाक्याच्या मधोमध थांबते आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागते. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून थांबतो (नवीन गिऱ्हाईक तेवढ्यात जन्मभराची पापं आठवून घेतं). मी घड्याळ कानाला लावून विमान जायची वाट बघत बसतो, कारण टिकटिक ऐकल्याशिवाय घड्याळाचं दुखणं कळत नाही. न थांबणारी तू एकटी. तू विमानावरून बोलतेस. विमान आलं की गल्ली थांबते आणि आत्याबाई आल्या की विमान थांबतं, असं न्हाव्याचं म्हणणं आहे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, पण लेक बाळंतपणाला आली आणि आमचं गाडं अडलं. पोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाळाला शांतता हवी. झालं! जावई बोटीवर, परत यायला अवकाश, आणि लेकीचं सासर अशा ठिकाणी की तिथे पान पडलं तरी शेजारी चौकशीला येतात. लेकीने बॅग भरायला घेतली. आत्या, मी दुकानात हसतखेळत होतो, पण आत माझं काय झालं होतं ते मलाच माहीत. नात मांडीवर नीट रुळायला लागली नाही तोवर निघाली. शेवटी लेक म्हणाली, नगरपालिका खिडक्या देणार असेल तर राहते, नाहीतर जाते.

आणि नगरपालिका तर देत होती! विमानतळाच्या आवाजाबद्दल तिने नवं धोरण केलं होतं. ज्या घरांवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आवाज पडतो, त्यांना दुहेरी खिडक्या फुकट. फक्त नकाशावर त्या आवाजाची जी रेघ मारली होती, ती न्हाव्याच्या दुकानापाशी येऊन संपत होती. म्हणजे सरकारी हिशेबाने न्हावी कानठळ्यांत आणि रस्त्याच्या अलीकडे आम्ही नीरव शांततेत. विमानाने रस्ता ओलांडताना आवाज पलीकडे ठेवून यायचं, असा काहीतरी नियम असावा. आम्ही तक्रार केली, तेव्हा एक साहेब आले आणि आपल्या गच्चीवर आवाज मोजायची डबी बसवून गेले. भला माणूस. जाताना एवढंच म्हणाला की घरच्यांनी डबीजवळ आरडाओरडा करू नये, नाहीतर मोजणी रद्द होईल.

इथे सगळ्यांची नजर तुझ्याकडे गेली. (तू तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन, पलीकडच्या गल्लीतल्या कुणाशी तरी आतूनच गप्पा मारत होतीस.) तुला सांगायचं कुणी? मी बायकोला म्हटलं, बायकोने लेकीला म्हटलं, लेक म्हणाली, आत्या तुमची, तुम्हीच सांगा. तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत लहानपणीही नव्हती. म्हणून दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला बांधतो तसलं एक लेबल घेतलं, त्यावर रोजच्या सवयीने 'आवाज फार. कमी करणे' असं लिहिलं आणि तुझ्या चहाच्या कपाच्या कानाला बांधून ठेवलं. मला ते फार नाजूक आणि सभ्य वाटलं होतं. तुझी भाचेसून अजून म्हणते की अशी अक्कल घड्याळातच शोभते.

तू मोठ्या मनाची, म्हणून एक दिवस कुजबुजून पाहिलंस. ती कुजबुज ऐकून न्हावी विचारायला आला की कोण भांडतंय. दुसऱ्या दिवशी तू पिशवी उचललीस, जिन्यात ऐन डबीखाली उभी राहिलीस आणि जे बोलायचं ते बोलून निघून गेलीस. मी दुकानात बसून होतो. घड्याळ उघडं होतं, उठलो तर स्क्रू हरवला असता. (स्क्रू तरीही हरवला.)

पुढे नगरपालिकेची सभा भरली. सगळी गल्ली गेली, लेक बाळाला घेऊन गेली. साहेबांनी आकडे वाचले. सरासरी मर्यादेच्या किंचित खाली भरत होती. नगराध्यक्षाबाई जांभई दाबत होत्या, एक सभासद तर उघडच झोपला होता, आणि लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मला बॅगेची चेन लावल्याचा आवाज ऐकू आला. तेवढ्यात साहेब म्हणाले की डबी मोठे आवाज थोडे थोडे साठवूनही ठेवते, ते ऐकवतो. एक विमान झालं. दुसरं विमान झालं. आणि मग सभागृहाच्या चारही कर्ण्यांतून, आत्या, तू!

"मी चालले! ज्या घरात माणसाला तोंड उघडायची चोरी, तिथं राहायचं कशाला? त्या लेकराला झोप तरी कुठली लागायला आता!"

झोपलेला सभासद उभा राहिला. बाळ मात्र तिथेच गाढ झोपलं. (हे लक्षात ठेव.) नगराध्यक्षाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ऐकलंत? आकडे कसले वाचताय? एका म्हाताऱ्या बाईला आपल्याच घरात एवढ्या मोठ्यानं बोलावं लागतं, घर सोडून जावं लागतं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी उठून खुलासा करणार होतो. विमानतळ नव्हता तेव्हाही तू अशीच बोलायचीस आणि राग विमानावर नसून माझ्या लेबलावर होता, हे सांगायला तोंड उघडलंही होतं, पण न्हाव्याने पायावर पाय दिला. साहेबांना सगळं कळलं असावं, कारण ते खाली मान घालून हसत होते. पण त्यांनी आकडे पुन्हा तपासले आणि सांगितलं की विमानांचा आवाज मर्यादेला जवळजवळ टेकलाच आहे, अशा वेळी रेघ थोडी सरकवायचा अधिकार सभेला आहे. हात वर झाले. रेघ गल्लीच्या टोकापर्यंत सरकली आणि सभेच्या विनंतीवरून विमानतळाने दुपारच्या विमानांचा रस्ताही बदलला. लेकीने घरी येऊन बॅग माळ्यावर टाकली. आत्या, त्या दिवशी मी दुकानाचं दार लावून मनसोक्त रडलो. तुझे उपकार फिटणार नाहीत.

आता खिडक्या लावल्या की घर इतकं शांत होतं की भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम ऐकू येतात आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. मी जेवताना किती आवाज करतो हे तुझ्या भाचेसुनेला संसाराच्या इतक्या वर्षांनी कळलं आणि तिने ते लगेच मलाही कळवलं. तरी आम्ही सुखात आहोत. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, घशाला जप.

तुझा (दुरुस्तीला आलेला) भाचा

ता. क. सुखात आहोत असं वर लिहिलं आहे, ते बाळ सोडून. बाळ झोपत नाही. पोटात असल्यापासून विमानं ऐकलेलं पोर, या शांततेला भेदरून टक्क डोळे उघडून बघत बसतं. खिडकी उघडून पाहिली, पण दुपारची विमानं आपणच घालवली! कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दुकानातले गजर एकदम लावून झाले. लेकीने बॅग माळ्यावरून पुन्हा खाली काढली आहे.

ता. क. २. पत्र टपालात टाकायचं राहूनच गेलं, तेवढ्यात साहेबांकडून तुझ्या आवाजाची ती नक्कल मागून आणली. लावली, आणि बाळ दोन वाक्यांत झोपलं. तेव्हापासून रोज दुपारी आमच्या घरात तू "मी चालले!" म्हणतेस, आणि रोज तुझी भाचेसून आतून म्हणते, "अहो, उठा, थांबवा त्यांना." काल मी खरंच उठून जिन्यापर्यंत गेलो. जिना रिकामा होता. आत्या, ये. जे बोलायचं ते समोर बसून बोल, मोठ्याने बोल. लेबल जाळलं आहे.

ता. क. ३. येशील तेव्हा दार वाजवत बसू नकोस, या काचांमुळे आत काही ऐकू येत नाही. कोपऱ्यावरूनच हाक मार.