‘ताण’चे सदतीस अर्थ आणि दहा फॉर्म

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६.१०
नवं सेशन, नवी रोजनिशी. ठराव: रोज लिहिणे. रोज नदीवरच्या राजघाटापर्यंत चालणे. (आज गुडघा. उद्यापासून.)

काल आमच्या हिंदी शाळेचे प्रिन्सिपल गिरधर सर यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सहावीत तिसरी भाषा म्हणून मराठी घेणारं यंदा एकही मूल नाही. तीस तारखेच्या बारा वाजेपर्यंत दहा फॉर्म भरून आणा, नहीं तो मराठी बंद और आपकी पोस्ट भी. माझ्या रिटायरमेंटला सहा वर्षं बाकी! हातात पंधरा कोरे फॉर्म दिले. पाच जास्त कशाला विचारलं, तर म्हणाले, आपसे खराब होंगे. माणसाला कदरच नाही. दहा म्हणजे काय, चुटकीसरशी.

३ एप्रिल
आमच्या सौ. चारुलतेचं म्हणणं, उद्यापासून शनवारा, लालबाग, घरोघर फिरा आणि बायांशी बोला. पोरांच्या शाळेचं त्याच ठरवतात. मी काय पॉलिसी विकतो? भाषेचा मास्तर आहे मी.

आंघोळ करताना प्लॅन सुचला. जाहीर व्याख्यान! एकच साधा शब्द घ्यायचा आणि तो मागावर, मळ्यात, दवाखान्यात किती रूपं घेतो ते दाखवायचं. पालक थक्क. फॉर्मसाठी लाईन. शब्द ठरला: ताण. मराठी मंडळाचा हॉल २९ तारखेला संध्याकाळी फुकट मिळतोय. फुकट का, ते विचारलं नाही. चारुलता काहीतरी आखाजीच्या सणाचं म्हणत होती.

७ एप्रिल
फील्डवर्क सुरू. कौतिकभाऊंच्या पॉवरलूमवर गेलो. खडखडाटात ते कानाशी ओरडून सांगत होते: ताण कमी पडला तर सूत लोंबतं, जास्त झाला तर तुटतं, कारागिराच्या बोटाला कळतं. वा! चार पानं उतरवली.

त्यांची नात वर्षा यंदा पाचवी पास झाली. कौतिकभाऊ आपणहून म्हणाले, पोरीले मराठीच द्या सर. पण फॉर्म घरी राहिले होते. संशोधनाच्या दिवशी मी कारकुनी करत नाही.

१२ एप्रिल
जैनाबादला कडू पाटलांच्या मळ्यात. कागदी लिंबाला मुद्दाम पाणी तोडून ताण देतात, मग झाड फुलतं. केळीला मात्र ताण अजिबात सोसत नाही, घड बारीक पडतो. एकाच बांधावर एक शब्द एकाला औषध, दुसऱ्याला विष! अंगावर काटा आला.

पाटलांच्या घरात सहावीला जाणारी दोन पोरं आहेत. फॉर्म आज पिशवीत होते. पण इतकं छान बोलणं चाललेलं, त्यात फॉर्म काढणं बरं दिसेना. येताना पाटलांनी केळी दिली.

१६ एप्रिल
डॉक्टरांकडे वैद्यकीय अर्थासाठी गेलो. त्यांनी पट्टा बांधला, बीपी १६० निघालं. विचारलं, काही ताण आहे का? म्हटलं, तेच तर तुम्हाला विचारायला आलोय. गोळ्या लिहून दिल्या.

‘ताणून देणे’ या प्रयोगाची प्रत्यक्ष पडताळणी: दुपारी २ ते ४.३०.

२१ एप्रिल
अर्थ: सदतीस. फॉर्म: शून्य. राजघाट: शून्य.

गिरधर सरांनी कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, कितने हुए? सांगितलं, एकदम २९ ला होतील. चारुलतेने आज पुन्हा आखाजी काढली. तिसऱ्यांदा. साडीचा विषय दिसतोय. बघू म्हणालो.

२९ एप्रिल. रात्री ८.३०
खुर्च्या पन्नास. हजर: हॉलचा चौकीदार, नेपानगरहून लेकाकडे आलेले दोन पेन्शनर (पंख्याखाली), कौतिकभाऊ आणि वर्षा.

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. साऱ्या लेकीबाळी माहेरी गेल्या, कुणी रावेर, कुणी सावदा, कुणी फैजपूर. पोरंही मामाच्या गावाला. तीन-चार बाप बाहेर भेटले, तर म्हणाले, सर, घरात विचारल्याशिवाय सही कशी करू? चारुलता महिनाभर हेच सांगत होती म्हणे. मला आखाजीची सतरा गाणी तोंडपाठ आहेत. कॅलेंडर बघायचं तेवढं राहिलं.

तरी बोललो. एक तास पन्नास मिनिटं. पेन्शनर मध्येच उठून गेले. कौतिकभाऊ झोपले. वर्षा मात्र टक्क जागी. आई वारल्यापासून तिचं मामाचं गाव सुटलंय. शेवटी कौतिकभाऊंना उठवून फॉर्मवर सही घेतली.

एक तर झाला! एकाचे दहा व्हायला वेळ लागत नाही. उद्या सकाळी सात ते बारा, पाच तास आहेत.

३० एप्रिल. दुपारी ३
सात ते बारा फिरलो. शनवारा, लालबाग, दोन्ही. दारांना कुलपं, नाहीतर आतून म्हाताऱ्या म्हणत, सून आली की या.

गिरधर सरांनी तो एक फॉर्म घेतला. म्हणाले, एक बच्ची के लिए पीरियड नहीं लगता. माझ्यासमोर ‘मराठी’वर काट मारून ‘संस्कृत’ लिहिलं. पोस्ट रद्द झाल्याचं माझं पत्र पंधरा दिवसांत येईल. बाकीचे चौदा फॉर्म परत मागितले. दिले. चांगल्या स्थितीत होते.

बाहेर कडुनिंबाखाली कौतिकभाऊ आणि वर्षा थांबलेले. सांगायचं ठरवूनच पायऱ्या उतरलो. तर पोरगीच पुढे आली आणि म्हणाली, सर, मराठीला वही शंभर पानी आणू की दोनशे?

म्हटलं, दोनशे.

कौतिकभाऊ तिला घेऊन लगेच बाजारात गेले. मी घरी आलो आणि रडलो. चारुलता विचारतेय, पोरीला कोण सांगणार?