सहा नारळ

मेहरूण, जळगाव
१४ जून २०२५

तीर्थरूप आबा,

रूपाचा नमस्कार. मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव म्हणावं, लाजू नको.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "बरं शे ना, बेटा?" एवढं विचारता आणि फोन आईकडे देता. हे मला तुम्हालाच सांगायचंय. चष्मा लावून स्वतः वाचा, दीपकदादाकडून वाचून घेऊ नका.

डाळ मिलमध्ये मला सातवं वर्ष लागलं. खडा आणि काळा दाणा वेगळा काढणारं मशीन माझ्या हाती आहे, हे तुम्ही गावभर सांगता. पगार मात्र चौदा हजार. गेल्या दिवाळीला लागलेला हितेंद्र माझ्याकडूनच मशीन शिकला, त्याला अठरा. हे कळल्यावर मी आठ दिवस नुसती धुसफुसले आणि सोमवारी धीर करून रुपचंद शेठच्या केबिनमध्ये गेले. काय बोलायचं ते आरशासमोर पाठ केलं होतं. तुम्ही असता तर हसला असता.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत, उलट चहा मागवला. मग म्हणाले, "रूपा, तुझा ठराव तर आखाजीलाच झाला. आबा येऊन गेले ना."

मला काही कळेचना. कसला ठराव? आखाजीला वर्षाची बोली करायला मी काय शेतावरची सालदार आहे?

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुम्ही माझ्यासाठी आईच्या हातच्या सांजोऱ्या घेऊन यायचात आणि जाता जाता शेठला रामराम करून येतो म्हणायचात. मला केवढं कौतुक वाटायचं! आणि आत बसून तुम्ही माझं वर्ष ठरवत होतात. पाचशे वाढवा, बाकी काही नको. "मनी पोर कोठे जानार नही, मना शब्द शे." शेठनी तुमचा आवाजही हुबेहूब काढला. ठराव पक्का झाला की ते तुमच्या हातात नारळ द्यायचे.

तो नारळ तुम्ही मला आणून दिलात. मी चटणी केली आणि खोलीवरच्या मैत्रिणींना वाढली, आबांनी आणला म्हणून. सहा वर्षं, सहा नारळ. माझ्याच ठरावाचा नारळ मी खात होते आणि मला पत्ता नव्हता. पाच दिवस झाले, अजून डोकं सुन्न आहे. मशीनसमोर उभी राहते आणि काळा दाणा डोळ्यांदेखत पुढे जातो.

तुम्ही असं का केलंत ते मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. बावीस वर्षं तुम्ही सालदारकी केलीत. एका आखाजीला दोन पोती ज्वारी जास्त मागितलीत, तर मालकाने दुसरा गडी ठेवला. ते वर्ष आपण कसं काढलं ते मी विसरलेले नाही. पोरीवर ती वेळ नको, असं तुम्हाला वाटलं असेल. पण तेव्हा मालकासमोर तुम्ही स्वतः तरी बसला होतात. मला तुम्ही बाहेरच ठेवलंत.

शेठ म्हणाले, "वाढ द्यायला माझी ना नाही. आबांना घेऊन ये. त्यांनी शब्द मागे घेतला की झालं."

बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. तुम्ही "बरं शे ना, बेटा?" विचारलंत. मी हो म्हणाले. तुम्ही कुणासमोर शब्द मागे घेतलेला मी कधी पाहिला नाही. माझ्यासाठी तुम्ही तिथे हात जोडून उभे राहिलेले मला बघवलं नसतं.

आता सांगूनच टाकते. बुधवारी धुळ्याला जाऊन आले. तिथल्या एका मिलने बोलावलं होतं. समोर मीच बसले, मीच मागितलं, घासाघीस करून वीस हजारांवर आणलं. कागदावर सही माझी. गुरुवारी इथे राजीनामा दिला. एक जुलैला धुळ्यात हजर व्हायचंय.

तुमचा शब्द मी मोडला, आबा. रुपचंद शेठ कधी समोर आले तर तुम्हाला मान खाली घालावी लागेल. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण माफी मागत नाही.

जळगावला आलेली कोकिळावहिनी उद्या घरी परततेय, तिच्या हाती हे पत्र आणि एक नारळ देतेय. हा मी विकत घेतलाय. तुम्ही फोडा, आईला चटणी करायला सांगा. पुढच्या आखाजीला सांजोऱ्या घेऊन धुळ्याला या, पण थेट माझ्या खोलीवर या. वाटेत कुणाला रामराम करायचा नाही.

तुमचा शब्द मोडलेली, तरी तुमचीच,
रूपा