गोडंबीचे लाडू

१० फेब्रुवारी, अकोला

नीलम! धाकटी जाऊ कसली, वैरीण आहे. आज तिचा नवा व्हिडिओ पाहिला. अमरावतीच्या तिच्या चकाचक ओट्यावर आमच्या सासूबाईंचे डिंकाचे लाडू. आणि शेवटी गोड हसून म्हणते कशी — "आमच्या घरी आता हे करणारी मीच राहिली. बाकीच्यायले नोकरीतून सवड नाही."

बाकीच्या म्हणजे कोण? दोनच तर सुना आम्ही!

सासूबाईंच्या शेजारी बसून दर हिवाळ्यात बिबे मी फोडले. ही तेव्हा माहेरी जाऊन बसायची. बिब्याला हात लावण्याआधी सासूबाई कोपरापर्यंत तेल चोपडायला लावायच्या. सालीतला काळा चीक अंगाला लागला की फोड येतात. आतल्या गोडंबीला जरा चीक लागला तरी ती फेकून द्यायच्या. हे नीलमला कुठून ठाऊक असणार? व्हिडिओत तर दुकानातली सोललेली गोडंबी होती.

खरं दुखणं वेगळंच आहे. पुण्याला वर्षाली बाळंत झाली, आणि मी, तिची आई, विकतचे लाडू पाठवले. साहेबांनी रजाच दिली नाही. पोरगी काही बोलली नाही. तेच लागलं.

११ फेब्रुवारी

व्हिडिओ ऑफिसातल्या आरतीनेही पाहिला. म्हणाली, तुमची जाऊ फार हौशी हो! मी डबा न खाताच परत आणला.

१४ फेब्रुवारी

देव आहे!

नीलमचा फोन आला. तिच्या नवऱ्यानं, धर्मेंद्रभाऊजींनी, जंगलातल्या सेमाडोहवरून बिबे आणलेत म्हणे. "ताई, बिबे फोडाले काही लागते काय?"

मी म्हटलं, "काही नाही लागत. भुईमुगाच्या शेंगांवानी फोडाचे."

फोन ठेवला आणि मस्त गोड चहा करून प्यायले. कर म्हणावं आता व्हिडिओ.

१७ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. नीलमचे दोन्ही हात फोडांनी उतले, तोंड सुजलं, डोळे उघडत नाहीत. दवाखान्यात नेलं होतं. मी "अरे देवा" म्हटलं. खोबरं आणि तीळ वाटून लावायला सांगितलं. आवाजही रडवेला काढला.

आतून मात्र गार गार वाटलं. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

हात जळजळत असतानाही लाडू पुरे करूनच उठली म्हणे. व्हिडिओ मात्र काढला नाही. काढला असता तर आणखी मजा आली असती.

१९ फेब्रुवारी

वर्षालीचा मेसेज — "आई, काकीनं लाडू पाठवले. दुकानातले घशाखाली उतरत नव्हते, अन् तुले सवड नाही, म्हणून मीच मागितले होते. सकाळी दोन खाल्ले. ओठ सुजून राहिले, घसा जळून राहिला. गोडंबीनं असं होते काय?"

कधीची फोन लावते आहे. उचल ना गं.