वाफेवरचा टॅक्स आणि घोंगड्यातला भंडारा

तर मग फोन काहून ठेवून दिलास? माझं बोलणं अर्ध्यातच होतं, आणि भांडण अर्ध्यात सोडायची आपल्या घराची रीत न्हाई. "आधी तुजं ते धुराचं दुकान सोड, मग माज्या मिश्रीला नावं ठेव," म्हणलीस आणि मोबाईल बाजेवर फेकून निघून गेलीस. पुढची पाच मिनिटं मला इथून नुसतं तुमचं छप्पर दिसत होतं. पत्र्याला दोन भोकं पडलीत, तुझ्या घरधन्याला, मसाजीमामाला सांग. आता फोनवर तू बोलू देत न्हाईस म्हणून हे लिहून राहिलो. सातवीपर्यंत जेवढी अक्षरं हाती लागली तेवढ्यावरच भागवतो. कागदाचा फोटो रागिणीवहिनीच्या मोबाईलवर येईल आणि त्या मोठ्यानं वाचतील. (वहिनी, कंसातलं मनातल्या मनात वाचायचं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणा, अक्षर लागत न्हाई.)

रामराम राहिलाच. तीर्थरूप चंद्रभागाआत्याच्या पायावर शिवहारनं डोकं ठेवलं असं समजावं. मामाचा गुडघा कसा हाय? लंगडी मेंढी व्याली का? हळद शिजवून झाली का, का अजून कुकरवाल्याची वाट बघून राहिलात? मी बरा हाय, दोन किलो वाढलोय, केस मात्र गळून राहिलेत. तुझी तब्येत विचारत न्हाई, कारण ती मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा, आणि वसमतच्या डॉक्टरनं दोनदा बजावलंय की मिश्री आज सुटली तर चट्टा बरा व्हायची आशा, न्हाई तर पुढचं त्यालाबी बोलवलं न्हाई. तरी तू दिवसातून पाच वेळा डबी उघडून ती जळकी तंबाखू दाताला लावतीस. (वहिनी म्हणतात सात. वहिनींचं नाव मी घेतलेलं न्हाई.) आणि वर मला अडकवायला खंडोबाचा भंडारा उचललास की, शिवहार ज्या दिवशी त्या दुकानातून बाहेर पडंल त्या दिवशी मिश्रीची डबी हिरीत. हातात भंडारा घेऊन बोललेलं आपल्यात कुणाला मागं घेता येत न्हाई. तू लई हुशार. तुला वाटलं, हे पोरगं बांधल्या पगाराची जागा सोडत न्हाई, म्हणजे डबी सलामत.

आता माझी बाजू ऐक. ते धुराचं दुकान न्हाई, वाफेचं हाय. पेनाएवढी नळी असती, आत बॅटरी आणि गोड रस. ओढलं की रस तापतो आणि वाफ तोंडात. आंब्याची, पुदिन्याची, कलिंगडाची, पाहिजे ती. आपल्याकडं ह्याला बंदी हाय, इथं बेटावर उघड चालतं. (बेटाचं नाव तीनदा सांगितलं, आत्या तीनदा दुबईच म्हणली, तर दुबईच समजा.) नांदेडच्या एजंटनं हाटेलात जागा म्हणून धाडलं आणि उतरलो ते ह्या दुकानात. मालक ओमप्रकाश शेठ, आपल्याच मुलखाकडचे, माणूस गोड, त्यांच्या मालासारखाच.

तर गेल्या महिन्यात इथल्या सरकारनं काढलं की वाफेच्या रसावर टॅक्स बसवायचा, बाटलीची जेवढी किंमत तेवढाच वर टॅक्स. शिवाय फळांचे वास बंद, आणि दुकानाच्या काचेला आतून पडदा. शेठचं तोंड मेंढी हरवल्यासारखं झालं. म्हणले, शिवहार, हे पास झालं तर मी शटर ओढणार आणि तू वारंगा फाट्यावर चहाचे कप विसळणार. आता तूच सांग, गप बसायचं का? आमच्याकडं एक म्हातारा कोळी येतो. चाळीस वर्षं सिगारेट ओढली, दोन वर्षं झाली, वाफेवर आलाय, जिना चढताना आता थांबत न्हाई. वाफ महाग झाली की तो परत सिगारेटीकडं जाणार, कारण ती त्याला पाठ हाय. हे मी तेव्हाबी म्हणलो आणि आजबी म्हणतो. टॅक्स बसवणाऱ्याला तो म्हातारा दिसत न्हाई, नुसती बाटली दिसती.

सरकारनं एक चांगलं केलं, लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली. आपली ग्रामसभा असती तशीच, फक्त खुर्च्या पुरतात आणि कुणी मधेच उठून पाण्याच्या टाकीचं काढत न्हाई. समोर आरोग्याच्या मोठ्या बाई. त्यांना अशी सर्दी झालेली की दर दोन वाक्याला रुमाल. शेठनं कोट घातलेला, मी घोंगडं घेतलेलं. हो, तूच विणवून दिलेलं काळं घोंगडं. इथं वारा लई लागतो, आणि सभेला जाताना खांद्यावर घोंगडं नसलं तर मला नागवं वाटतं.

शेठ बोलले, दुसरे दुकानदार बोलले, सगळे आकडे बोलले. बाई रुमालात तोंड घालून न्हाई न्हाई करत राहिल्या. मग मी उठलो. मी हिंदीत बोलायचं आणि शेठनं त्यांच्या भाषेत सांगायचं. मी म्हणलो, बाई, मी कुरुंद्याचा. आमच्याकडं हळद शिजायला लागली की गाव दोन महिने वाफेत असतं, बैल दिसत न्हाई, नुसत्या घुंगरावरून ओळखावा लागतो. आजवर कुणी वाफेवर टॅक्स मागितला न्हाई. धूर वेगळा, वाफ वेगळी. पटत न्हाई तर दाखवतो.

आणि मी सभेतच वाफारा मांडला. चहाच्या खोलीतून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं. (शिपाई नको म्हणत होता, पण त्याची भाषा मला येत न्हाई.) ओवा खिशात होता, तो मी कायम ठेवतो. हळद पाहिजे होती. मग आठवलं, निघताना तू घोंगड्याच्या कोपऱ्याला गाठ मारली होतीस, त्यात पिवळी पुडी. गाठ सोडली, मूठभर हळद पाण्यात टाकली, बाईंना खूण केली. बाई शिकलेल्या असल्या तरी सर्दीपुढं सगळे सारखे. त्या उठल्या, पातेल्यावर वाकल्या, आणि मी त्यांच्या डोक्यावरून घोंगडं टाकलं. आतून एकदा शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी अशी आली की शेठनं कोटाची बटणं लावली. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या. नाक मोकळं, डोळ्यात पाणी, घोंगड्याला लागलेल्या हळदीनं कपाळ नाकापर्यंत पिवळं. लांब श्वास घेतला आणि हसल्या. म्हातारा कोळी टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच.

मग बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. मी एका शब्दात उत्तर दिलं. शेठनं त्या एका शब्दाचं दोन मिनिटांचं भाषण केलं, हात जोडले, छातीला लावले, वर बघितलं. बाई मान हलवत राहिल्या, कागदावर काही लिहिलं. आठ दिवसांनी निकाल आला. टॅक्स एक वर्ष पुढं ढकलला. फळांचे वास चालू. पडदा तेवढा लावायचा. आत्या, सातवी शिकलेल्या माणसानं सरकारचा टॅक्स थांबवला. शेठनं सगळ्यांना बिर्याणी घातली, माझा फोटो काढून दुकानाच्या भिंतीला लावला, घोंगड्यासकट. दुसऱ्या दुकानाचे मालक येऊन हात मिळवून गेले. कुरुंद्यात हे सगळ्यांना सांग. विशेष करून ग्यानबाच्या घरी सांग, तो म्हणला होता हे पोरगं बाहेर जाऊन मेंढरंसुद्धा राखणार न्हाई.

म्हणजे दुकान चालू राहिलं, टॅक्स हरला, आणि तुझी डबीबी वाचली, असं तू आत्ता मनात म्हणून राहिलीस. गालात हसतीस, त्याच गालात.

तुझा लाडका, न ऐकणारा,
शिवहार

ता. क. एक गोष्ट सांगायची राहिली. पाण्यात मी टाकली ती साधी हळद नव्हती. पुडी उघडल्यावर वास आला तेव्हाच समजायला पाहिजे होतं, पण घाईत होतो. तू खंडोबाचा भंडारा बांधून दिला होतास. बाईंच्या कपाळाला भंडारा, माझ्या दोन्ही हातांना भंडारा, आणि अशा वेळी त्यांनी विचारलं, "तुझ्या दुकानातली वाफ तुझ्या घरच्या माणसाला देशील का?" माझ्या डोळ्यापुढं तूच आलीस, डबी घेऊन. मी म्हणलो, "न्हाई." शेठनं त्याचं काय भाषण केलं ते मला अजून ठाऊक न्हाई. बाईंना ते लई आवडलं एवढंच दिसलं. टॅक्स त्या भाषणानं थांबला, पण भंडारा माझ्या हाताला होता, शेठच्या न्हाई, म्हणून ते 'न्हाई' मला मागं घेता येत न्हाई.

ता. क. दुसरं. कोळ्याचं मी खरं तेच बोललो, त्याच्यासाठी परतबी भांडीन. पण कलिंगडाची वाफ तो म्हातारा मागत न्हाई. ती मागणाऱ्यांना अजून मिशी फुटलेली नसती, आणि मी वय विचारलं की शेठ मला गोदामात धाडायचे. बिर्याणी खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. शेठ रडले. फोटो भिंतीवर राहू दे म्हणले, मी म्हणलो राहू द्या. सोमवारपासून हाटेलाच्या चादरी धुऊन इस्त्री करतो. तिथंबी वाफच हाय, तेव्हा माझं वाफेशी भांडण न्हाई हे कुणीबी सांगंल. पगार कमी हाय.

ता. क. तिसरं, आणि हेच खरं काम. शिवहार दुकानातून बाहेर पडला, तारीख वार सगळं वहिनींना कळवलंय. आता डबी हिरीत. तू भंडारा उचललायस, मामा साक्षीला हायत. (वहिनी, डबी एकच न्हाई. एक चुलीमागं, एक दळणाच्या डब्यात, तिसरी मामाच्या पागोट्यात हाय हे मामालाबी ठाऊक न्हाई. तिन्ही टाकताना व्हिडिओ काढा.) मग गुरुवारच्या एस.टी.नं हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन चट्टा दाखवायचा, मागच्यासारखं बाजारातून हळदीचा भाव विचारून परत यायचं न्हाई. दर महिन्याला अठरा हजार येत होते, ते आता इतक्यात विसरा. ह्या खेपेला वहिनींच्या खात्यात येतील ते, तपासणी, औषध आणि दोघींच्या तिकिटासकट, सहा हजार दोनशे रुपये.