डाव्या हाताच्या मापाने

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार घातला की तू म्हणतेस, काय हवंय ते सरळ बोल. म्हणून नुसतीच आठवण. आईचा खोकला बसला का? भाचीने केस कापले म्हणे, फोटो पाठव. पत्र टाइप करून ईमेलने पाठवतोय म्हणून नाक मुरडू नकोस. माझं अक्षर तुला लागलं नसतं.

तू फोनवर रेकॉर्डबद्दल विचारलंस आणि मी ‘झकास’ म्हणून विषय बदलला. झकास वगैरे काही नाही. म्हणजे खपतेय चांगली. पण आमचे जुने श्रोते पिसाळलेत. शिरा ताणून गाणारी माणसं आता कंबर हलवायला लागली, असं एका समीक्षकाने लिहिलं. सगळा राग आमच्या गायकावर, म्हणजे बोक्यावर. आपल्याकडे आला की आईच्या हातची साय शोधतो, तोच.

सुरुवात त्यानेच केली होती. टायरच्या दुकानावरच्या आमच्या तालमीच्या खोलीत एक दिवस काखेत रिदम मशीन घेऊन आला आणि म्हणाला, “रॉक रॉक करून कंटाळा आला. या वेळी लोकांना नाचवू.”

“मग ड्रम कोण वाजवणार?”

“दोघं. ठेका मशीनचा, वरचं नक्षीकाम तुझं.”

“माझा कंटाळा आलाय असं सरळ सांग ना!” मी ड्रमच्या थाळीला लाथ मारून निघून आलो. चार दिवसांनी आमची बेस गिटार वाजवणारी, बेसवाली, घरी आली आणि कान धरून नेल्यासारखं मला परत घेऊन गेली. मी गेलो, पण फुगलेलाच.

स्टुडिओत बोक्याने माझ्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं असावं. काचेपलीकडून सांगायचा, इथे थांब, इथे फक्त एक ठोका, इथे तळव्याने वाजव. मी दात खात वाजवत होतो. सगळं जुळवून झाल्यावर गाणी सलग ऐकली तेव्हा कुठे कळलं. जलद, सतत चालणारं जे जे होतं, ते सगळं मशीनकडे होतं. माझ्याकडे जे आलं होतं, ते एकूण एक डाव्या हाताने वाजवता येण्यासारखं. त्याने अख्खी रेकॉर्ड माझ्या डाव्या हाताच्या मापाने शिवली होती.

ताई, माझा उजवा हात थरथरतो. उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, ते तुझ्यासमोर बसूनच सांगेन. गोळ्या चालू आहेत. मी कुणालाच बोललो नव्हतो. बोक्याने चहाचा कप माझ्या हातात हिंदकळताना पाहिला असणार. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तो शिव्या खात राहिला आणि मी त्या खाऊ दिल्या.

मागच्या आठवड्यातल्या शनिवारी मोठा कार्यक्रम होता. मागे नवी मंडळी मनसोक्त नाचत होती, पुढे जुने श्रोते हाताची घडी घालून उभे. तिसऱ्या गाण्यानंतर पुढून आरडाओरडा सुरू झाला, “मशीन बंद करा! ड्रमरला वाजवू द्या!”

बोका माइकवर म्हणाला, “निर्णय माझा होता. शिव्या मला घाला.”

मला राहवलं नाही. मी हात लांबवून मशीन बंद केलं आणि आमचं सगळ्यात जुनं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात बोटं सुटली, काठी उडाली आणि बेसवालीच्या पायाशी पडली. मग मी माइक ओढून सांगून टाकलं, “हाताला आजार आहे. हा माणूस मला झाकत होता.”

टाळ्या पडल्या, ताई. खूप. पण कशा, ते तुला कळेल. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं आवाज खाली आणतात ना, तशा.

आत गेल्यावर बोका भडकला. “तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?”

“तू शिव्या खाताना बघवत नव्हतं.”

“शिव्यांनी मी मरत नव्हतो! लोक तुझ्या ठेक्यावर नाचत होते, कळतंय का? हात कसा आहे हे माहीत नसताना नाचत होते. आता हळहळतील.”

बेसवाली एवढंच म्हणाली, “मला का नाही सांगितलंत दोघांनी?” आणि गिटार पेटीत ठेवून निघून गेली. अजून फोन उचलत नाही.

बोक्याचंच खरं झालं. कालच्या कार्यक्रमाला लोक आदराने उभे होते. एक पाय हलला नाही. त्याच समीक्षकाने आता मला ‘झुंजार’ ठरवलंय. ते वाचून मला पहिल्यांदा रडू आलं. वाईट लिहिलं होतं तेव्हा आलं नव्हतं.

आज सकाळी बोका आला. खिडकीत जाऊन उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, “पुढच्या आठवड्यात वाजवायचंय. येतोस?” मी येतो म्हटलं. बुधवारच्या तपासणीला सोबत येऊ का, असंही त्याने विचारलं. मी नको म्हटलं. डॉक्टर जे सांगतील ते ऐकताना शेजारी तू हवीस. लहानपणी सुई टोचताना माझं तोंड तू दुसरीकडे वळवायचीस. या वेळी वळवू नकोस, नुसती बस.

आईला आत्ताच काही बोलू नकोस. ते मीच येऊन सांगेन.

मंगळवारी निघशील ना? नाही म्हणू नकोस, ताई. मी घाबरलोय.

तुझाच,
धाकटा